पार्श्वभूमी: 'व्हा साव्हार' आणि कापलेली सहासष्ट मिनिटे

फ्रेंच दिग्दर्शक झाक रिव्हेत यांचा 'व्हा साव्हार' हा चित्रपट २००१ साली कानच्या चित्रपट महोत्सवात स्पर्धेसाठी दाखवला गेला, तेव्हा त्याची लांबी १५४ मिनिटे होती. पुढच्या वर्षी पॅरिसमधल्या एका चित्रगृहात त्याच चित्रपटाची २२० मिनिटांची आवृत्ती लागली आणि तिच्या नावापुढे केवळ अधिकचे चिन्ह जोडलेले होते. शीर्षकाचा अर्थ साधारण 'कोण जाणे' असा होतो. जगभरचे प्रेक्षक आणि समीक्षक यांच्यापर्यंत पोहोचली ती मुख्यतः छोटी आवृत्तीच. त्यामुळे मूळ चित्रपट म्हणजे छोटी आवृत्ती आणि मोठी ही तिची पुरवणी, असा समज रूढ झाला. ते अधिकचे चिन्हही या समजाला खतपाणी घालते, कारण त्यावरून चित्रपटात मागाहून काही भर घातल्यासारखे वाटते.

मोठ्या आवृत्तीत जास्त काय आहे, हे पाहिल्यावर हा समज टिकत नाही. तिच्यात प्रामुख्याने रंगमंच आहे. कथेतली इटालियन नाटकमंडळी पॅरिसमध्ये इटालियन नाटककार पिरांदेल्लोच्या 'तुला हवी तशी मी' या नाटकाचे प्रयोग इटालियनमध्येच करते आणि तिची नायिका कामीय ही मात्र फ्रेंच आहे. ती तीन वर्षांनी आपल्या शहरात परतली आहे आणि जुना प्रियकर तिथेच राहतो. नाटकातल्या अनामिकेला एक घर आपल्यातली हरवलेली स्त्री मानू पाहते आणि तीही त्यांना हवी तशी होऊन पाहते. कामीय रोज रात्री ही भूमिका करते आणि दिवसा पूर्वीच्या माणसाला तोंड देते. नाटकाचे प्रवेश आखडले की हा धागा विरळ होतो. मग उरते ती सहा माणसांच्या प्रेमाची खेळकर गुंतागुंत. ती सुरेखच आहे, पण नाटकवाल्यांबद्दलच्या चित्रपटातून नाटकच कमी झाल्याची रुखरुख राहते.

लांबीवरून ओढाताण होण्याची रिव्हेत यांची ही पहिलीच वेळ नव्हती. १९६९ च्या 'लामूर फू'मध्ये फ्रेंच नाटककार रासीनच्या 'आंद्रोमाक' या नाटकाच्या तालमी आणि दिग्दर्शकाचे मोडत चाललेले लग्न शेजारी शेजारी चालतात. तो चित्रपट चार तासांहून लांब होता. वितरकांनी त्याची सुमारे दोन तासांची आवृत्तीही बाजारात आणली आणि रिव्हेत यांनी ती आपली मानली नाही. प्राचीन ग्रीक नाटककार एस्किलसच्या नाटकांवर काम करणाऱ्या दोन नाट्यगटांभोवती रचलेला 'आउट १' तर बारा तासांच्याही पुढे जातो. १९७१ मध्ये फ्रान्समधल्या ल आव्हर या शहरात त्याचा खेळ झाला आणि नंतर त्यातूनच चार तासांच्या आसपासचा वेगळा चित्रपट निघाला. 'व्हा साव्हार'च्या बाबतीत दोन्ही आवृत्त्यांवर दिग्दर्शकाचेच नाव आहे, म्हणून छोटीला परकी म्हणता येत नाही. तरीही त्यांच्याकडे तालीम ही गोष्ट सांगण्याआधीची तयारी नसते. तीच गोष्ट असते आणि तिला वेळ लागतो. या न्यायाने २२० मिनिटांची आवृत्ती मूळ आणि १५४ मिनिटांची तिची संक्षिप्त आवृत्ती, असे म्हणणेच योग्य ठरते.

पॅरिसमध्ये इटालियन नाटकमंडळींचे येणे-जाणे फार जुने आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६९७ मध्ये त्यांना हाकलले आणि १७१६ मध्ये त्यांना पुन्हा बोलावण्यात आले. १७६२ मध्ये इटालियन नाटककार गोल्दोनी त्यांच्यासाठी लिहायला व्हेनिसहून पॅरिसला आला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर त्याचे निवृत्तिवेतन बंद पडले. ते पुन्हा सुरू करण्याचा ठराव फेब्रुवारी १७९३ मध्ये झाला, पण तो आदल्याच दिवशी वारला होता. चित्रपटातला मंडळीचा प्रमुख उगो पॅरिसमधल्या खासगी ग्रंथसंग्रहात गोल्दोनीचे हरवलेले नाटक शोधत फिरतो. ते नाटक काल्पनिक असले, तरी त्या शोधाला ही खरी पार्श्वभूमी आहे. फ्रेंचमध्ये 'कोमेदियँ' म्हणजे केवळ विनोदी नट नव्हे, तर कोणताही नट, हेही इथे लक्षात ठेवायला हवे. या चित्रपटाला नुसते 'कॉमेडी' म्हणून बाजूला ठेवले, तर त्या शब्दातला नटाचा अर्थ निसटतो.

'व्हा साव्हार'चा जवळचा पूर्वज मात्र फ्रेंच दिग्दर्शक झाँ रन्वार यांचा पन्नासच्या दशकातला 'ल कारोस दोर' हा चित्रपट आहे. पेरूमध्ये आलेल्या इटालियन मंडळीची त्यातली नटी कामिला तीन पुरुषांना आवडते आणि शेवटी तिच्याजवळ फक्त रंगमंच उरतो. रिव्हेत यांनी १९६६ च्या सुमारास रन्वार यांच्यावर दूरचित्रवाणीसाठी तीन भागांचा माहितीपट केला होता, त्यामुळे आपल्या नायिकेला कामीय हे नाव त्यांनी सहज दिले असेल, असे वाटत नाही. त्यांच्या चित्रपटात उगो आणि जुना प्रियकर रंगमंचाच्या वर, दिव्यांच्या उंचीवरच्या अरुंद फळीवर व्होडकाच्या बाटल्या घेऊन उभे राहतात आणि जो आधी खाली पडेल तो हरला, असे द्वंद्व खेळतात. त्यांच्या पायाखाली पिरांदेल्लोच्या नाटकाचा सेट असतो. पुढे सगळी पात्रे त्याच सेटवर एकत्र येतात, तिथेच हिशेब मिटतात आणि सगळे नाचू लागतात. रन्वार यांच्या कामिलाला रंगमंचासाठी जे सोडावे लागले, ते रिव्हेत यांच्या कामीयला रंगमंचावरच परत मिळते.