थर्मामीटरमधला पारा पोटात गेला तर?

"थर्मामीटर तोंडात फुटून पारा पोटात गेला, की मूल वाचत नाही." कोथरूडच्या आमच्या सोसायटीत तापाची साथ आली की हा निरोप फिरतो. वाचून आईचे हातपाय गळतात, ते साहजिकच आहे. पारा विषारी आहेच.

पण तो शरीरात कोणत्या वाटेने जातो, हे पाहायला हवं. धातुरूप पारा निरोगी आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही, शौचावाटे निघून जातो. आतडं अडलं तर पूर्वी डॉक्टर मुद्दाम पारा पाजत. थर्मामीटरमध्ये तो जेमतेम 1 ग्रॅम. काळजी काचेची करा: तोंड तपासा, उलटी करवू नका, डॉक्टरांना फोन करा. (माशांतलं मिथाइल मर्क्युरी हे पाऱ्याचं संयुग वेगळं, ते मात्र आतड्यातून सहज शोषलं जातं.)

खरा धोका सांडलेल्या पाऱ्याच्या वाफेचा, ती फुप्फुसातून थेट रक्तात उतरते. मुलांना दुसऱ्या खोलीत न्या, खिडक्या उघडा, पंखा बंद करा. झाडू अजिबात नको, थेंब आणखी बारीक होऊन पसरतात. टॉर्च फरशीलगत तिरका धरा, फटीतले मणी लखलखतील. जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरा.

खात्री करायची असेल तर लघवीतला पारा मोजता येतो. आणि नळीतला द्रव लाल किंवा निळा असेल, तर तो पारा नाहीच.