ॲस्बेस्टॉसजन्य आजार : माजी सैनिकांसाठीचे शासकीय लाभ

सैनिकी सेवेत असताना ॲस्बेस्टॉसची धूळ छातीत गेल्यामुळे पुढे आजार जडलेल्या माजी सैनिकांना सरकारकडून मिळणारी मासिक भरपाई, उपचार आणि त्यांच्या पश्चात कुटुंबाला मिळणारी मदत यांचा या विषयात समावेश होतो. याबाबतचे नियम सर्वांत तपशीलवार आहेत ते अमेरिकेत. तिथे हे काम व्हेटरन्स अफेअर्स हा केंद्रीय विभाग पाहतो. बोलण्यात सगळे त्याला ‘व्हीए’च म्हणतात. या नोंदीत मुख्यतः त्याच व्यवस्थेचा विचार केला आहे.

आपल्याकडे ॲस्बेस्टॉस म्हटले की चाळीवरचे किंवा गोठ्यावरचे सिमेंटचे पत्रे डोळ्यांसमोर येतात. जहाजावर त्याचे रूप वेगळे होते. वाफेवर चालणाऱ्या युद्धनौकेत बॉयलरपासून टर्बाइनपर्यंत जाणारे नळ धगधगते असत. उष्णता बाहेर पडू नये आणि आग लागू नये म्हणून त्यांच्यावर ॲस्बेस्टॉसचे जाड लॅगिंग गुंडाळत. व्हॉल्व्हचे पॅकिंग, पंपांची गॅस्केट, म्हणजे सांध्यातून गळती होऊ नये म्हणून बसवलेली चकती, भिंतींवरचे आवरण, सगळीकडे तेच. जुनी गॅस्केट लोखंडाला घट्ट चिकटून बसे. ती पात्याने खरवडायची, तारेच्या ब्रशाने घासायची आणि उरलेला भुगा फुंकून उडवायचा, ही बॉयलर रूममधल्या माणसाची नेहमीची कामे. ज्यांचा बॉयलरशी काही संबंध नव्हता त्यांचीही सुटका नसे, कारण झोपायच्या बंकांवरूनही असे नळ जात. तोफा उडाल्या की सगळे जहाज हादरे आणि पांढरा भुरका पांघरुणावर पडे. दुसऱ्या महायुद्धापासून १९७० च्या दशकापर्यंत अमेरिकी नौदलात हेच चालले. लष्कराच्या बराकी, विमानांचे आणि गाड्यांचे ब्रेक, बांधकाम तुकड्या यांतही ॲस्बेस्टॉस होते, पण नौदलाइतके नाही.

या धुळीने होणारे मुख्य आजार म्हणजे फुप्फुस कडक होत जाणारा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरणारा कर्करोग. मेसोथेलिओमा धुळीच्या संपर्कानंतर बहुधा वीस ते पन्नास वर्षांनी उघडकीला येतो. विसाव्या वर्षी घेतलेल्या श्वासाचा हिशेब सत्तरीत होतो, आणि लाभांच्या बाबतीतल्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

आजार उशिरा येतो हे न ओळखल्याने अभ्यासकही फसले. नौदलाच्या जहाजबांधणीत नळांवर आवरण चढवणाऱ्या १,०७४ कामगारांची पाहणी १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत ॲस्बेस्टॉसिसचे फक्त तीन रुग्ण सापडले, तेव्हा हे काम फारसे धोक्याचे नाही, असा निष्कर्ष निघाला. मात्र पाहणीतल्या बहुसंख्य कामगारांची नोकरी दहा वर्षांचीही झाली नव्हती, आणि सापडलेले तिघेही वीस वर्षांहून अधिक काळ तेच काम करणारे होते. मेसोथेलिओमा आणि ॲस्बेस्टॉस यांचा ठाम संबंध दाखवणारा दक्षिण आफ्रिकेतला अभ्यास १९६० मध्ये आला. तोवर महायुद्धातले नौसैनिक घरी परतून पंधरा वर्षे झाली होती.

भरपाईसाठी सैनिकाला व्हीएपुढे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : आजाराचे निदान, सेवेत असताना धुळीशी आलेला संपर्क आणि या दोहोंना जोडणारे डॉक्टरांचे मत. डॉक्टरांनी खात्री द्यायची गरज नसते. आजार सेवेमुळे झाला असण्याची शक्यता नसण्याइतकी तरी आहे, एवढे त्यांनी म्हटले तरी पुरते. दोन्ही पारडी समान राहिली तर कौल सैनिकाच्या बाजूने द्यायचा, असे कायदाच सांगतो. संपर्क ठरवताना सैनिकाचे काम पाहतात. कोणत्या पदावरच्या माणसाचा ॲस्बेस्टॉसशी संबंध कितपत संभवतो याचा तक्ता व्हीएकडे आहे. बॉयलर सांभाळणारा किंवा नळकाम करणारा त्यात वर असतो, कारकून खाली. कारकुनाचा अर्ज त्यामुळे बाद होत नाही. फक्त बंकावरच्या नळाची गोष्ट त्याला स्वतः सांगावी लागते, आणि जमल्यास जुन्या सोबत्यांकडून लिहून घ्यावी लागते. सोबती हयात असले तर.

कागदपत्रांचीही एक कथा आहे. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइस इथल्या सैनिकी नोंदींच्या केंद्रीय दप्तराला आग लागली आणि सुमारे १.६ ते १.८ कोटी फायली जळाल्या. त्या भूदल आणि हवाईदलाच्या होत्या. नौदलाचे दप्तर वाचले, हे धुळीत सर्वांत जास्त राहिलेल्या नौसैनिकांचे नशीबच. ज्यांची फाइल जळाली त्यांना मदत करण्याची व्हीएची जबाबदारी अधिक वाढते, असे न्यायालयांनी पुढे ठरवले.

आजार सेवेशी जोडला गेला की अपंगत्वाची टक्केवारी ठरते. मेसोथेलिओमा आणि फुप्फुसाचा कर्करोग चालू असेपर्यंत थेट १०० टक्के. ॲस्बेस्टॉसिसची टक्केवारी मात्र फुंकर मारण्याच्या चाचणीवर अवलंबून असते : छातीची हवेची क्षमता अपेक्षेच्या ७५ ते ८० टक्के असेल तर १०, ६५ ते ७४ असेल तर ३०, ५० ते ६४ असेल तर ६० आणि पन्नासच्या खाली गेली तर १०० टक्के. रक्तात प्राणवायू किती शिरतो याची चाचणीही यासोबत धरतात. फुप्फुसाच्या आवरणावर नुसते चट्टे दिसत असतील आणि श्वासाला त्रास नसेल, तर सेवेशी संबंध मान्य होऊनही हाती शून्य टक्के येतात. डिसेंबर २०२४ पासूनच्या दरांप्रमाणे १०० टक्के असलेल्या एकट्या माजी सैनिकाला महिना सुमारे ३,८३१ डॉलर आणि पत्नी असलेल्याला सुमारे ४,०४५ डॉलर मिळत; या रकमेवर आयकर नाही. सतत कुणीतरी सोबत लागत असेल तर जादा भत्ता असतो. पन्नास टक्के आणि त्यापुढच्यांना व्हीएच्या रुग्णालयांत पहिल्या अग्रक्रमाने उपचार मिळतात.

अर्ज करण्याचा मानस नुसता कळवला तरी तारीख एक वर्षापर्यंत राखून ठेवता येते, आणि मंजुरीनंतर पैसे सहसा त्या तारखेपासून मोजतात. मेसोथेलिओमाच्या रुग्णाच्या हाती अनेकदा वर्षभराचाच काळ उरलेला असतो, म्हणून ही सवलत छोटी नाही. अमेरिकन लीजनसारख्या माजी सैनिक संघटना अर्ज फुकट भरून देतात. पहिल्या अर्जासाठी वकिलाने फी घेणे कायद्यानेच बंद आहे, तरी या आजाराच्या वकिली जाहिरातींचा सुकाळ आहे.

सर्वांत मोठी उणीव अशी की अमेरिकी कायदा ॲस्बेस्टॉसच्या आजारांना ‘सेवेमुळेच झाला’ असे गृहीत धरत नाही. एजंट ऑरेंज या व्हिएतनाममध्ये झाडी नष्ट करायला फवारलेल्या रसायनासाठी १९९१ च्या कायद्याने असे गृहीतक आले. २०२२ च्या पॅक्ट कायद्याने ते उघड्यावर कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुरालाही दिले. त्याच कायद्यामुळे विषारी संपर्काची चौकशी आणि उपचारांची दारे ॲस्बेस्टॉसवाल्यांनाही अधिक उघडली, पण भरपाईसाठी पुरावा ज्याचा त्यालाच द्यावा लागतो. ॲडमिरल एल्मो झुम्वाल्ट यांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. व्हिएतनाममधल्या नद्यांच्या काठी एजंट ऑरेंज फवारण्यामागे त्यांचा आदेश होता. तिथेच गस्ती नौकेवर असलेला त्यांचा मुलगा १९८८ मध्ये कर्करोगाने गेला. त्यानंतर झुम्वाल्ट यांनी एजंट ऑरेंजच्या भरपाईसाठी सरकारशी झगडून १९९० मध्ये अहवाल दिला. १९७० ते १९७४ या काळात नौदलाचे प्रमुख असलेले हे गृहस्थ स्वतः २ जानेवारी २००० रोजी मेसोथेलिओमाने वारले.

सरकारवर दावा लावता येत नाही. सेवेत झालेल्या इजेसाठी सैनिक सरकारला कोर्टात खेचू शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा फेरेस खटल्यातला निकाल १९५० पासून लागू आहे. उरतात यंत्रे आणि ॲस्बेस्टॉस पुरवणाऱ्या कंपन्या. २०१९ च्या डेव्ह्राइस खटल्यात न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की, यंत्र ॲस्बेस्टॉसशिवाय पाठवले असले तरी ते वापरताना ॲस्बेस्टॉस लागणारच हे ठाऊक असलेल्या उत्पादकाने सागरी कायद्याखाली धोक्याची सूचना द्यायला हवी होती. दिवाळे काढलेल्या जॉन्स-मॅनव्हिलसारख्या कंपन्यांच्या भरपाई निधीतून पैसे मिळाले तरी व्हीएची अपंगत्व भरपाई कापली जात नाही.

सैनिकाच्या पश्चात पत्नीला डिसेंबर २०२४ पासूनच्या दरांप्रमाणे महिना सुमारे १,६५३ डॉलर मिळत, अर्थात मृत्यूचे मुख्य किंवा साहाय्यक कारण सेवेतला आजार ठरला तर. मृत्यूच्या दाखल्यावर नुसते ‘न्यूमोनिया’ लिहिले गेले की विधवेची फरफट सुरू होते. त्यामुळे जाणकार संघटना दाखल्यावर मूळ आजार आहे ना, हे आधी पाहायला सांगतात.

ब्रिटनमध्ये मे १९८७ पूर्वी झालेल्या इजेसाठी सैनिकाला सरकारवर दावा लावता येत नाही. गोदीतला नागरी कामगार मात्र दावा करू शके; म्हणजे एकाच जहाजावरच्या, एकच धूळ खाल्लेल्या दोन माणसांना दोन न्याय. नौदलात विद्युत काम केलेल्या एका माजी नौसैनिकाने याविरुद्ध लढवलेला मॅथ्यूज खटला हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, २००३ मध्ये फेटाळला. शेवटी डिसेंबर २०१५ मध्ये मेसोथेलिओमा झालेल्या माजी सैनिकांना १,४०,००० पौंड एकरकमी घेण्याचा पर्याय जाहीर झाला. तोवर मासिक वॉर पेन्शनच होते, आणि ते घ्यायला बहुतेक रुग्ण फार काळ जगत नसत.

भारतात हा प्रश्न अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या सर्वसाधारण नियमांतून पाहावा लागतो : आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला हे ठरणे महत्त्वाचे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत झाला असे मानण्याकडे कल असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात म्हटले. तक्रार सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे नेता येते. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. महाराष्ट्रातले माजी सैनिक पहिली चौकशी बहुधा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करतात. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगांना प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद किमान ४० वर्षे जपायला सांगितले. ॲस्बेस्टॉस सर्रास वापरण्याच्या काळात ब्रिटनमध्ये बांधायला घेतलेली विक्रांत ही विमानवाहू नौका १९६१ ते १९९७ भारतीय नौदलात होती. २०१४ मध्ये ती मुंबईच्या दारुखान्यात तोडायला नेली.