डाग धुळीचा की ओरखड्याचा? कॅमेरा सफाईला आणण्यापूर्वी

लग्नसराई सुरू झाली की आमच्या दुकानात एकच प्रश्न दिवसातून चार-पाच वेळा विचारला जातो : "फोटोत काळा ठिपका दिसतोय, सेन्सरला स्क्रॅच पडला का?" पाठोपाठ कॅमेऱ्याच्या स्क्रीनचा मोबाईलने काढलेला फोटोही येतो, आणि त्यात ठिपक्यापेक्षा स्क्रीनवरचे बोटांचे ठसे अधिक ठळक असतात. अशा फोटोवरून आम्हाला काहीही सांगता येत नाही. लेन्स काढून सेन्सरकडे, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपकडे, टक लावून पाहिले तरीही खात्रीने सांगता येत नाही, कारण २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी साधारण ६ मायक्रॉन (०.००६ मिलिमीटर) भरते. फोटोत ठळक उमटणारा कण डोळ्यांना दिसेलच असे नाही, आणि टॉर्चखाली चमकणारा कण फोटोत येईलच असेही नाही. निदान होते ते नीट काढलेल्या चाचणी-फोटोवरून, आणि तो आपल्याला घरीच काढता येतो.

आपण ज्याला सेन्सर म्हणतो, त्याच्या पुढे फिल्टरची काच असते आणि धूळ बसते ती या काचेवर. काच आणि सेन्सर यांच्यात थोडे अंतर असल्यामुळे फोटोत दिसतो तो प्रत्यक्ष कण नसून त्याची सावली असते. लांब ट्यूबलाइटखाली बोटाची सावली पसरट पडते आणि टॉर्चच्या उजेडात तीच धारदार होते, तसेच येथेही घडते : ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत येण्याचे छिद्र, उघडे असेल तर सावली विरून जाते, लहान केले की ठिपका उठून दिसतो. एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, आणि मंडपात एफ/१.८ किंवा एफ/२.८ वर महिनोन् महिने काम करणाऱ्या छायाचित्रकाराला म्हणूनच धूळ दिसत नाही. मग एक दिवस स्टुडिओत पांढऱ्या पडद्यावर एफ/११ लावून कुटुंबाचा फोटो काढला जातो, किंवा बीबी का मकबऱ्यामागच्या निळ्या आकाशावर एफ/१६ लागतो, आणि सगळे ठिपके एकदम समोर येतात. "कालपर्यंत काहीच नव्हते" असे ग्राहक अगदी प्रामाणिकपणे सांगतात. काल ते होतेच, फक्त दिसत नव्हते.

चाचणी अशी करावी. कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर, आयएसओ १००, ॲपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२. फोकस मॅन्युअल करून अनंतावर न्यावा, म्हणजे जवळचा कागद पूर्ण धूसर दिसेल. साधा पांढरा कागद लेन्सपासून वीतभर अंतरावर धरून फ्रेम त्याने भरावी, एक्स्पोजर एक स्टॉप वाढवावे, आणि शटर उघडे असताना कॅमेरा मुद्दाम थोडा हलवावा. हलवल्याने कागदावरचे डाग आणि सुरकुत्या पुसट होतात. सेन्सरवरची धूळ कॅमेऱ्याबरोबरच हलत असल्याने जागच्या जागी राहते. नंतर हाच फोटो एफ/४ वर पुन्हा काढावा, आणि दुसरी लेन्स असल्यास ती लावून एफ/१६ वर आणखी एक. हे फोटो संगणकावर शंभर टक्के मोठे करून पाहावेत. आम्हाला पाठवायचे असतील तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. साध्या फोटोसारखे पाठवले की ते लहान होतात आणि त्यातला बारकावा निघून जातो.

लेन्स बदलल्यावरही डाग त्याच जागी असेल तर तो लेन्सचा नाही. डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, व्ह्यूफाइंडरमधून दिसणारी पण फोटोत न येणारी कुसळे फोकसिंग स्क्रीनवर किंवा आरशावर असतात, त्यांचा फोटोशी संबंध नाही. एफ/१६ वर गडद, कडा मऊ आणि एफ/४ वर नाहीसा होणारा गोल ठिपका ही धूळ होय. वळवळीत दोऱ्यासारखी आकृती असेल तर तो तंतू असतो. परभणी-जालना भागातून, विशेषतः जिनिंगच्या परिसरात फिरलेल्या कॅमेऱ्यांत कापसाचे तंतू आम्ही नेहमी काढतो आणि ग्राहक त्यालाच हमखास "स्क्रॅच" म्हणतात. मध्यभागी फिकट आणि भोवती गडद कडे असलेला ठिपका बहुधा शटरच्या वंगणाचा थेंब असतो. याउलट ॲपर्चर कितीही बदलले तरी एकाच पिक्सेलएवढा, टोकदार, लाल किंवा निळा बिंदू तसाच राहत असेल, तर तो हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरचा बिघडलेला पिक्सेल, असून त्यावर सफाईचा उपयोग नाही.

येथे एक वेगळी गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. वरातीतील डीजेच्या लेझर दिव्याचा किरण थेट लेन्समध्ये शिरल्याने सेन्सर कायमचा जळालेले कॅमेरे आता आमच्याकडे येऊ लागले आहेत. त्यात फ्रेमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सरळ रंगीत रेघ दिसते, किंवा रंगीत ठिपक्यांचा पुंजका दिसतो, आणि तो प्रत्येक ॲपर्चरवर सारखाच राहतो. ही रेघ ओरखड्याची नव्हे आणि ती पुसून जाणार नाही. मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याचा सेन्सर लाइव्ह व्ह्यूमुळे सतत उघडा असल्याने त्याला हा धोका अधिक आहे. लेझर समोर फिरू लागला की कॅमेरा दुसरीकडे वळवावा.

आता ज्या एका चुकीमुळे आमचा आणि आपला सर्वाधिक वेळ जातो, तिच्याकडे वळतो. चाचणी-फोटो न काढता, डाग दिसताच सेन्सरवर तोंडाने फुंकर मारली जाते. फुंकरीबरोबर लाळेचे सूक्ष्म थेंब काचेवर उडतात, वाळतात आणि प्रत्येक थेंबाभोवती पांढरट कडे उरते. भिंगातून पाहिले तर काच पावसाचे थेंब वाळून डागाळलेल्या खिडकीसारखी दिसते. रबरी ब्लोअरने पाच मिनिटांत उडाला असता असा एक कण असतो, आणि आमच्यासमोर येतात तीस-चाळीस डाग, जे द्रव लावलेल्या स्वॅबशिवाय (सेन्सर पुसायच्या मऊ पट्टीशिवाय) निघत नाहीत. काहीजण याच्याही पुढे जातात. परतूरकडचे एक गृहस्थ पंक्चरच्या दुकानातून कॅमेऱ्यात हवा मारून आले होते. कॉम्प्रेसरच्या हवेतील तेल आणि पाणी काचेवर पसरलेच, शिवाय शटरचे एक पाते वाकले. चष्म्याचे कापड, कापसाची काडी, एकदा तर जुन्या बनियनचा तुकडा, हे सर्व आम्ही पाहिले आहे. कापडाने काच खरवडली जात नाही, पण आधीपासून बसलेल्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात, ते काचेपेक्षा कठीण असतात, आणि कापडाखाली सापडून तेच रेघ ओढतात. आमच्याकडे आलेल्या बहुतेक खऱ्या ओरखड्यांमागे असे घाईचे पुसणे होते. आपल्याला करता येण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत : मेन्यूतील सेन्सर क्लीनिंग दोन-तीन वेळा चालवणे, आणि कॅमेऱ्याचे तोंड खाली धरून, टोक आत न घालता, रबरी ब्लोअरने हवा मारणे. त्यासाठी बॅटरी पूर्ण चार्ज असावी, कारण आरसा वर उचलून सफाई चालू असताना बॅटरी संपली तर आरसा आणि शटर खाली पडतात.

ओरखडा आहे की नाही, हे आम्ही ओली सफाई, म्हणजे द्रव आणि स्वॅबने केलेली सफाई, झाल्याशिवाय सांगत नाही, आणि यावरून काही ग्राहक नाराज होतात याची आम्हाला जाणीव आहे. परंतु घट्ट चिकटलेला तंतू आणि फिल्टरच्या काचेवरचा ओरखडा ॲपर्चरच्या चाचणीत सारखेच वागतात, कारण दोन्ही एकाच काचेवर असतात. स्वच्छ स्वॅब फिरवल्यानंतरही जो डाग केसभरसुद्धा हलत नाही, त्यालाच आम्ही ओरखडा म्हणतो. फोनवर "स्क्रॅच आहे, सेन्सर बदला" असे सांगणारा कदाचित लवकर उत्तर देतो, पण आपला खर्च वाढवतो. ओरखडा निघालाच, तरी तो बहुधा फिल्टरच्या काचेवर असतो आणि काही मॉडेलमध्ये केवळ ती काच बदलता येते. उरलेल्यांत पूर्ण सेन्सर बदलण्यापेक्षा फोटोतील रेघ संगणकावर काढून टाकणे परवडते, आणि तसे असल्यास आम्ही ते स्पष्ट सांगतो.

सफाई करताना आम्ही खोलीतील पंखा आणि कूलर बंद ठेवतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात यावरून बरीच कुरकुर ऐकू येते, पण वाऱ्याने उडणारी धूळ आणि कूलरचा दमटपणा हे दोन्ही उघड्या सेन्सरला नकोच असतात; ग्राहकांनी बाहेर थांबून पाणी प्यावे, आतला घाम आमच्या वाट्याचा. प्रत्येक सेन्सरच्या रुंदीचा नवा स्वॅब वापरला जातो आणि एकदा फिरवलेली बाजू पुन्हा फिरवली जात नाही. चाचणी-फोटो विनामूल्य आहे. केवळ ब्लोअरने काम झाले तर त्याचे पैसे आम्ही घेत नाही. ओल्या सफाईचे घेतो, आणि सफाईपूर्वीचा व नंतरचा फोटो आपल्या कार्डात टाकून देतो. त्या फोटोंतील वरचा ठिपका सेन्सरवर खाली असतो, कारण लेन्स प्रतिमा उलटी पाडते. समोरून पाहताना डावे-उजवे मात्र तसेच राहते. इतके ध्यानात ठेवले, तर कोणता डाग निघाला हे आपल्यालाही पडताळून पाहता येईल.

कॅमेरा बॉडी कॅपसह, पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीसह आणि शक्य असल्यास नेहमीच्या लेन्ससह आणावा. कार्डावरील काम आधी उतरवून घ्यावे. फुंकर मारली असेल किंवा काही फिरवले असेल तर संकोच न करता सांगावे, त्यानुसार द्रव आणि स्वॅब निवडावे लागतात. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आणू नये : ओल्या सफाईनंतर पुन्हा चाचणी घेऊन, गरज पडल्यास दुसरा हात फिरवून, कॅमेरा सामान्यतः दुसऱ्या दिवशी दुपारी मिळतो.