क्षयरुग्णाला घरी औषध देणारा उपचार सहाय्यक: नेमणूक, कागदपत्रे आणि मानधन नेमके कुठे अडते

क्षयरोगाच्या रुग्णाला रोजचा डोस आपल्या डोळ्यांदेखत घ्यायला लावणे आणि त्याची नोंद ठेवणे, हे काम राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमात उपचार सहाय्यकाकडे असते. विदर्भातील खेड्यांत बहुतेक ठिकाणी आशाताईच ते करतात. पण शेजारीण, बचत गटातील बाई, निवृत्त शिक्षक, किराणा दुकानदार किंवा स्वतः बरा झालेला जुना रुग्ण यांपैकी कोणीही ते करू शकतो. औषधांना दाद देणाऱ्या साध्या क्षयरोगाचा उपचार पूर्ण झाल्यावर सहाय्यकाला १,००० रुपये, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचा उपचार पूर्ण झाल्यावर ५,००० रुपये मानधन थेट बँक खात्यात मिळते. सहा महिने रोज कोणाच्या तरी दारात जाण्याचे हे मोल फारच थोडे आहे. तरीही तेवढेसुद्धा अनेकांच्या हाती पडत नाही, आणि त्याचे कारण काम न होणे हे क्वचितच असते. पहिल्या आठवड्यात व्हायची नोंद झालेली नसते, हेच बहुतेक वेळा आढळते.

पात्रता

शिक्षणाची अट नाही. व्यक्ती रुग्णाला मान्य हवी, रोज भेटता येईल एवढ्या अंतरावर हवी आणि आरोग्य केंद्राला जबाबदार राहायला तयार हवी. पगारी शासकीय कर्मचाऱ्याने हे काम केले तरी त्याला मानधन मिळत नाही. कुटुंबातील व्यक्तीकडेही औषध देण्याची जबाबदारी सोपवता येते. मात्र अशा वेळी मानधनाच्या नोंदीत नाव कोणाचे राहणार, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे, सहाव्या महिन्यात नव्हे.

अर्ज कुठे करायचा

या कामासाठी नागरिकाने ऑनलाइन भरायचा फॉर्म नाही. सेतू केंद्रावर किंवा झेरॉक्सच्या दुकानात कोणी ‘टीबीचा फॉर्म’ भरून देतो म्हणून पैसे मागत असेल, तर देऊ नयेत. सहाय्यकाचे नाव, मोबाइल क्रमांक आणि बँक तपशील ‘निक्षय’ या संगणक प्रणालीत आरोग्य कर्मचारी भरतात. तालुक्याच्या उपचार पथकातील वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक, ज्यांना सगळे एसटीएस म्हणतात, त्यांच्याशी आपली गाठ असते. आधार कार्डाची प्रत, पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि चालू मोबाइल क्रमांक एवढे त्यांच्याकडे किंवा आपल्या उपकेंद्रात द्यायचे असते.

इथपर्यंत सोपे आहे, आणि सोपे असल्यामुळेच पुढची गोष्ट राहून जाते. कागद दिले म्हणजे नाव लागले असे नव्हे. निक्षयमध्ये सहाय्यकाची नोंद झाल्यावर ती त्या विशिष्ट रुग्णाच्या निक्षय आयडीशी, म्हणजे प्रणालीतल्या त्याच्या ओळख क्रमांकाशी, जोडावी लागते. ही जोडणी झाली नाही, किंवा रुग्णाच्या नावापुढे आधीपासून दुसऱ्याच व्यक्तीचे नाव राहिले, तर प्रत्यक्षात गोळ्या कोणी दिल्या याला प्रणालीच्या लेखी काही किंमत उरत नाही. गावात आशाताई आणि स्वयंसेविका दोघींनी मिळून एक रुग्ण सांभाळला आणि शेवटी मानधनावरून अबोला धरला, हे प्रकार यातूनच होतात. नोंदीत नाव एकीचेच असते. म्हणून कागद दिल्यानंतर पंधरा दिवसांनी एसटीएसना निक्षय आयडी सांगून ‘या रुग्णाच्या नावापुढे सहाय्यक म्हणून माझे नाव दिसते का’, असे स्पष्ट शब्दांत विचारावे. ‘हो, केले आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. स्क्रीनवर नाव दाखवा म्हणावे. हे विचारण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

बँकेचे खाते: सर्वाधिक अडथळे येथेच

निक्षयमध्ये भरलेला खाते क्रमांक आणि आयएफएससी (बँक शाखेचा संकेतांक) शासनाच्या पीएफएमएस या पैसे वाटपाच्या प्रणालीकडे जातो आणि तेथून बँकेकडे पडताळला जातो. खाते नाकारले गेले तर ते एका यादीत पडून राहते. अर्जदाराला कोणी फोन करून कळवेल, अशी आशा ठेवू नये.

विदर्भात सध्या एक विशेष अडचण आहे. १ मे २०२५ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक यांचे एकत्रीकरण होऊन महाराष्ट्र ग्रामीण बँक ही एकच बँक राहिली. आपल्याकडील कित्येक खेड्यांतली खाती पहिल्या बँकेतली आहेत आणि घरातले पासबुक अजून जुनेच आहे. त्या पासबुकावरचा आयएफएससी तसाच उतरवून देऊ नये. शाखेत जाऊन आजचा खाते क्रमांक आणि आजचा आयएफएससी शिक्क्यासह लिहून घ्यावा. राष्ट्रीयीकृत बँकांच्या विलीनीकरणानंतर ज्यांनी पासबुक बदललेले नाही, त्यांनाही हेच लागू आहे.

दुसरी अडचण बायकांच्या नावांची. शाळेच्या दाखल्यावर आणि जुन्या खात्यावर माहेरचे नाव, आधारावर सासरचे, आणि उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये नुसते ‘अमुकताई’, असे तीन ठिकाणी तीन प्रकार असतात. निक्षयमधले नाव बँकेतल्या नावाशी जुळले पाहिजे, म्हणून नोंदणीच्या वेळी पासबुकावर जसे लिहिले आहे तसेच, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासकट, भरायला सांगावे. बँकेतले नाव बदलून घ्यायचे असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागते, आणि नेमका हाच कागद पुष्कळ जणींकडे नसतो. तो काढायला वेळ लागत असेल तर तोवर मानधनाची नोंद अडवून धरू नये. जुन्या नावानेच चालू द्यावी.

‘लाडकी बहीणचे पैसे येतात, म्हणजे माझे खाते चांगले आहे’, असे अनेक जणी सांगतात. ते पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खाते कित्येकदा हातातल्या पासबुकाचे नसतेच. मधल्या काळात पोस्टात किंवा दुसऱ्या बँकेत उघडलेले असते. दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय होते, आणि अशा खात्याची झेरॉक्स दिली की पैसे परत फिरतात. शंभर रुपये भरून आणि काढून खाते जिवंत आहे याची खात्री करणे, केवायसी बाकी असल्यास ती पूर्ण करणे, हे आधी करावे.

याच ठिकाणी एक तळमळीची सूचना. सहाय्यकाचे मानधन आणि रुग्णाचे निक्षय पोषण योजनेचे पैसे ही दोन वेगळी देयके आहेत. पोषणाची रक्कम १ नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० ऐवजी १,००० रुपये झाली असून साध्या क्षयरोगात ती ३,००० रुपयांच्या दोन हप्त्यांत मिळते: पहिला उपचाराच्या सुरुवातीला, दुसरा ८४ दिवसांचा उपचार झाल्यावर. ती रुग्णाची आहे आणि रुग्णाच्याच खात्यात गेली पाहिजे. रुग्णाचे खाते नाही म्हणून भल्या मनाने स्वतःचे खाते देणाऱ्या सहाय्यकांमुळे एकच खाते दोन-तीन नावांपुढे येते, प्रणाली ते दुबार म्हणून वेगळे काढते आणि मग कोणाचेच पैसे निघत नाहीत. रुग्णाचे शून्य शिल्लक खाते उघडून देण्यात जाणारा एक दिवस त्यापेक्षा स्वस्त पडतो.

औषध देताना काय करायचे आणि काय नाही

प्रौढ रुग्णाला पहिले दोन महिने चार औषधांची एकत्रित गोळी आणि पुढचे चार महिने तीन औषधांची गोळी रोज घ्यायची असते. किती गोळ्या, हे वजनावर ठरते. उदाहरणार्थ ३५ ते ४९ किलो वजनाला रोज तीन गोळ्या, ५० ते ६४ किलोला चार. हा आकडा उपचार कार्डावर असतो आणि सहाय्यकाने तो स्वतःच्या विचाराने बदलायचा नसतो. रुग्ण अशक्त दिसतो म्हणून एक गोळी कमी देणे, काल चुकली म्हणून आज दुप्पट देणे, या दोन्ही गोष्टी वर्ज्य आहेत. खाऊ-पिऊ लागल्यावर रुग्णाचे वजन वाढते. तेव्हा उपकेंद्रात वजन नोंदवून घ्यावे आणि गोळ्या बदलायच्या की नाही हे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवावे.

लघवीचा रंग नारिंगी होतो, ही गोष्ट पहिल्या दिवशीच सांगून ठेवावी, नाहीतर तिसऱ्या दिवशी रुग्ण घाबरून औषध सोडतो. याउलट डोळे पिवळे पडणे, सतत उलट्या, नजर अंधुक होणे किंवा अंगावर पुरळ येणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढचा डोस देण्याआधीच प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे. ‘बघू दोन दिवस’ म्हणू नये. मोहाची दारू पिणाऱ्या रुग्णाला यकृताचा धोका अधिक असतो, म्हणून त्याच्या सवयीची माहिती डॉक्टरांपासून लपवू नये. मधुमेहाची औषधे किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याही सांगाव्यात, कारण रिफॅम्पिसिन या क्षयरोगाच्या औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. इंजेक्शन देणे हे सहाय्यकाचे काम नाही, रुग्णाने कितीही आग्रह केला तरी. आणि अंगणातून हाका मारत औषधाची आठवण करून देऊ नये. आजार गावभर करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

कार्डावर खूण गोळी गिळल्यानंतरच करायची. आठवड्याच्या खुणा एकदम रविवारी करण्याची सवय अनेकांना असते, आणि पर्यवेक्षक उरलेल्या पट्ट्या मोजतात तेव्हा हिशेब जुळत नाही.

‘सहा महिने’ म्हणजे किती

सर्वांत जास्त गैरसमज येथे आहे. रुग्ण आणि सहाय्यक दोघेही कॅलेंडर बघतात: दिवाळीला सुरू केले, अक्षय तृतीयेला संपले. प्रत्यक्षात मोजायचे असतात ते डोस, पहिल्या टप्प्यात ५६ आणि दुसऱ्या टप्प्यात ११२, एकूण १६८. मधले वीस डोस चुकले असतील तर ते भरून काढल्याशिवाय उपचार पूर्ण झाला असे धरत नाहीत, आणि उपचार पूर्ण झाल्याची नोंद निक्षयमध्ये पडल्याखेरीज मानधनाचा प्रश्नच निघत नाही. सलग एक महिना औषध थांबले तर रुग्ण ‘उपचारातून निसटलेला’ म्हणून नोंदला जातो. त्यानंतर परत आला तरी प्रकरण नव्याने तपासावे लागते. शेवटच्या डोसानंतर रुग्ण बरा वाटतो म्हणून तपासणीला जात नाही, आणि निकालाचा रकाना तसाच राहतो. त्याला स्वतः सोबत नेणे हेच खात्रीचे.

स्थलांतराने हा हिशेब पार बिघडतो. गडचिरोली-चंद्रपूरकडचे मजूर मिरची तोडणीला तेलंगणात जातात, मेळघाटातली कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात, काही वीटभट्टीवर जातात. रुग्ण जाणार आहे हे कळताच, जाण्याच्या आधी, एसटीएसना सांगून निक्षयवर त्याची बदली करून घ्यावी, आणि रुग्णाजवळ कार्डाचा फोटो, निक्षय आयडी आणि प्रवासापुरत्या गोळ्या द्याव्यात. ‘परत आल्यावर बघू’ या एका वाक्यावर कित्येकांचा उपचार तुटलेला आहे.

पैसे आले नाहीत तर

तोंडी विचारणा केली की ‘निधी आला नाही’ हे उत्तर मिळते, आणि कधी कधी ते खरेही असते. पण निधी नसणे आणि नोंद नाकारली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कार्यालयात दोन्हींसाठी एकच उत्तर वापरले जाते. म्हणून रुग्णाचा निक्षय आयडी, उपचार कार्डाची प्रत आणि आपले पासबुक घेऊन तालुक्याच्या पथकाकडे जावे आणि तीनच प्रश्न विचारावेत: उपचाराचा निकाल नोंदवला आहे का, माझे खाते पीएफएमएसने स्वीकारले आहे की नाकारले, आणि नाकारले असल्यास प्रणालीत कारण काय लिहिले आहे. उत्तर मिळत नसेल तर जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडे याच तीन प्रश्नांचा लेखी अर्ज देऊन आवक क्रमांक घ्यावा. १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. तेथे निक्षय आयडी विचारतात, त्यामुळे तो हाताशी ठेवूनच फोन लावावा.