कीबोर्डला 'क' माहीतच नसतो

दिवाळीच्या सुट्टीत घरीच सोल्डर करून ६१ बटणांचा कीबोर्ड बनवला, लॅपटॉपला लावला, दाबलं 'के' आणि उमटलं 'जे'. 'जे' दाबलं तर 'के'. झालं, दोन वायरींची अदलाबदल. सगळं उखडायला बसणार इतक्यात लक्षात आलं की अरे, हे तर फर्मवेअरमध्येच, म्हणजे कीबोर्डच्या चिपवरच्या प्रोग्रॅममध्येच, सरळ होतं.

म्हणजे बघा, ६१ बटणांना ६१ वायरी ओढायला चिपवर तेवढ्या पिना नसतात, म्हणून बटणं जाळीत बसवायची, ५ आडव्या ओळी, १४ उभ्या, एकूण १९ पिनांत काम भागतं. चिप सेकंदाला शेकडो वेळा एकेक ओळ तपासत असते, कुठे सर्किट जुळलंय का. प्रत्येक बटणाला एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) मात्र हवाच, नाहीतर चौकोनाच्या तीन कोपऱ्यांची बटणं एकदम दाबली की चौथं न दाबताच लागतं. घोस्टिंग म्हणतात याला. (डायोडचा आळस एकदा करून झालाय, परत नाही.)

क्यूएमके नावाचं फुकट, ओपन सोर्स फर्मवेअर आहे, त्यात दोन तक्ते असतात. पहिला सांगतो की जाळीतला अमुक सांधा बोर्डावर कुठल्या जागी आहे, आणि दुसरा, म्हणजे कीमॅप, सांगतो की त्या जागेवरून काय पाठवायचं. लोक घाईत कीमॅपमध्ये जे-के उलटे टाकून मोकळे होतात, पण कीमॅपला थर असतात, म्हणजे त्याच बटणांना वेगळी कामं देणारे एकावर एक तक्ते, ३२ पर्यंत, मग प्रत्येक थरात तीच उलटापालट करत बसा. मी पहिल्या तक्त्यात दोन नावं बदलली, फर्मवेअर परत चिपवर चढवलं (फ्लॅश केलं), सगळे थर एका झटक्यात सुधारले.

आणि पाठवायचं म्हणजे अक्षर नाही हं, नुसता नंबर. ए म्हणजे ४, के म्हणजे १४. त्या १४ चं काय करायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, इंग्रजी लेआउट असेल तर के, इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा प्रमाणित लेआउट, असेल तर क.

हे मला नीट कळलं ते ळ मुळे. इनस्क्रिप्टमध्ये ळ शिफ्ट-एनवर, आणि मला तो एका बोटात हवा होता, म्हणून स्पेसबारशेजारच्या रिकाम्या बटणावर शिफ्ट-एन बसवलं. मस्त, काळा, फळा, वेळ, सगळं धडाधड. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मेलमध्ये, इंग्रजी लेआउट चालू असताना, अंगठा चुकून तिथे पडत राहिला आणि मॅनेजरला गेलेल्या मेलमध्ये मध्येच कॅपिटल एन, तेही तीन ठिकाणी.