कीबोर्डला ‘क’ ठाऊक नसतो

गेल्या पावसाळ्यात ऑफिसातल्या कीबोर्डवर माझ्या हातून अर्धा कप चहा सांडला. पुसला, उलटा करून झटकला, पंख्याखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी एस दाबला की सोबत डब्ल्यू उमटायचा, ए दाबला की क्यू. बाकीच्या ओळी शहाण्यासारख्या चालत होत्या. शेवटी स्क्रू ड्रायव्हर घेतला.

स्वस्तातल्या कीबोर्डच्या पोटात फारसं काही नसतं. प्रत्येक कळीखाली एक, अशा छोट्या रबरी घुमटांचा थर. त्याखाली पारदर्शक प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीजवाहक शाईच्या चंदेरी रेघा छापलेल्या, मधल्याला फक्त भोकं. कळ दाबली की घुमट खचतो (बोटाला जाणवतो तो हलका ‘टप्’ त्याचाच), वरचा पापुद्रा भोकातून खाली वाकतो आणि दोन रेघा एकमेकींना टेकतात. बोट उचललं की घुमट फुगून कळीला पुन्हा वर ढकलतो.

कळा शंभरावर, पण तारा तितक्या नसतात. समजा ८ आडव्या आणि १८ उभ्या रेघा आहेत. एकूण २६ रेघांत १४४ छेदनबिंदू मिळतात, म्हणजे काम झालं. कोपऱ्यातली चिप एकेका रेघेत क्रमाने वीज सोडते आणि ती कुठून बाहेर पडते ते पाहते. हा फेरा सेकंदाला शेकडो वेळा चालतो. टेकताना रेघा क्षणभर थरथरतात. ती थरथर चिपने खरी मानली तर एका दाबात चार ‘ए’ उमटतील, म्हणून ती काही मिलिसेकंद थांबून खात्री करते. माझ्या चहाने दोन शेजारच्या रेघा जोडून टाकल्या होत्या. म्हणून बिघाड एकट्या कळीचा नव्हता, ओळीचा होता.

आता खरी गंमत. चिप संगणकाला अक्षर पाठवतच नाही, पाठवते जागेचा क्रमांक. यूएसबीच्या नियमांत ‘के’ लिहिलेल्या कळीचा क्रमांक १४. कीबोर्ड एवढंच म्हणतो, ‘१४ दाबली आहे.’ संगणकावर इंग्रजी निवडलेली असेल तर के उमटतो, इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कळमांडणी निवडली असेल तर क, शिफ्टसह ख. दुकानात ‘मराठी कीबोर्ड’ मागणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा वेगळ्या छपाईचा तोच कीबोर्ड येतो.

इनस्क्रिप्टचा आराखडा १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. उच्चाराच्या क्रमाने टाइप करायचं, म्हणजे ‘दिवस’मध्ये आधी द, मग वेलांटी. ‘दुसऱ्या’ लिहिताना इंग्रजी ‘जे’ची कळ नुसती दाबली तर साधा र येतो आणि पुढे ‘दुसर्या’ असा रफार बसतो. शिफ्टसह जे, मग डी, मग तिरपी रेघ दाबली की ऱ्य जमतो. एवढं एक जरी सगळ्यांनी शिकून घेतलं तरी निम्मी परिपत्रकं सुधारतील.

आमच्याकडे आवक-जावक सांभाळणाऱ्या मॅडमनी टाइपरायटरवर मराठी चाळीसची (मिनिटाला चाळीस शब्दांची) परीक्षा दिलेली. तिथे वेलांटी आधी मारावी लागे, कारण कागदावर ती आधी येते. त्या आजही रेमिंग्टनची, म्हणजे टाइपरायटरचीच, मांडणी वापरतात, आणि आधी मारलेली वेलांटी सॉफ्टवेअर गुपचूप द च्या नंतर नेऊन साठवतं. युनिकोडपूर्वीच्या (म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळण्याआधीच्या) फॉन्टमध्ये असला शिष्टाचार नव्हता. त्या फॉन्टच्या फाइलीत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असत, फॉन्ट त्यांना मराठी चेहरा चढवी. म्हणून जुनं पत्र तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडलं की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो.

कॅप्स लॉकचा दिवासुद्धा यूएसबी कीबोर्ड स्वतःहून लावत नाही. कळ दाबल्याची खबर संगणकाला जाते आणि दिव्याचा हुकूम तिकडून परत येतो. स्क्रीन गोठली की कॅप्स लॉक दाबून पाहावं. दिवा लागत-विझत असेल तर आत अजून धुगधुगी आहे, थोडी वाट पाहावी.

असो. तारा काढून पापुद्रे ओल्या कापसाने पुसले, कळांच्या टोप्या साबणाच्या पाण्यात धुतल्या, दिवसभर वाळवून सगळं जोडलं. ए-एस सुधारले. टोप्या बसवताना मात्र एम आणि एनची अदलाबदल झाली. मॅडमनी त्यावर दोन दिवस पत्रं बडवली, त्यांना पत्ताही लागला नाही. त्या कळांकडे बघतात कुठे? मी बघून टाइप करणारा. साहेबांना गेलेल्या मेलमध्ये ‘मीटिंग’ची ‘नीटिंग’ झाली होती.