गाडीतली वायर जाड का लागते?

१२ व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून गाडीच्या वायरिंगला घाबरायचं कारण नाही, असं अनेकांना वाटतं. पण इथे भीती शॉकची नाहीच, आगीची आहे. ५५ वॉटचा दिवा २३० व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअर करंट घेतो. १२ व्होल्टवर तेवढ्याच वॉटला साडेचार अँपिअरपेक्षा जास्त लागतो. वायर किती तापेल हे करंटवर ठरतं, तेही वर्गाच्या पटीत: करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट.

आता जाडीचा हिशोब पाहू. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरमागे साधारण ०.०१७ ओहम असतो. ५५ वॉटच्या दोन हेडलाइटना मिळून नऊएक अँपिअर लागतात. वायर चार मीटर लांब असली, तर ०.६ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. २३० मधून एवढे गेले तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. १२ मधून गेले की ते पाच टक्के होतात आणि हॅलोजनचा उजेड साधारण पंधरा टक्क्यांनी उतरतो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर ही घट पाव व्होल्टवर येते. म्हणून ‘ही वायर किती अँपिअर झेलते?’ एवढंच विचारून भागत नाही, लांबीही सांगावी लागते.

वायर बारीक तारांची, म्हणजे मल्टिस्ट्रँडच हवी. एकसंध तार सततच्या हादऱ्यांनी कडक होते आणि तुटते. आवरणाचंही तसंच: साधं पीव्हीसी ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, इंजिनाजवळ १०५ किंवा १२५ अंशांचं लागतं. स्वस्त वायरीत तांब्याचा नुसता मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असू शकतं, त्याचा रोध दीडपटीहून जास्त. एक तार खरवडून पाहा. आत चंदेरी निघालं तर वायर परत करा. (बाहेरून चंदेरी आणि आतून तांबूस असेल तर ते कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं, ते चांगलंच.)

फ्यूज वायरसाठी असतो, उपकरणासाठी नव्हे. तो बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला कुणीच वाली नसतो. तो तुकडा बॉडीला घासून शॉर्ट झाला, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते.

खरं दुखणं मात्र बहुतेक वेळा जोडात असतं. जोडाचा रोध ०.१ ओहम झाला आणि त्यातून १० अँपिअर वाहिले, तर नखाएवढ्या जागेत १० वॉट उष्णता तयार होते. वायरी जोडणारा प्लास्टिकचा कप्लर वितळायला तेवढी पुरते. सोल्डर केलेला जोड मजबूत दिसतो खरा, पण सोल्डर तारांमधून वर चढतं, तो भाग ताठ होतो आणि ताठ भाग संपतो नेमका तिथेच हादऱ्यांनी वायर तुटते. त्यापेक्षा योग्य साच्याच्या पकडीने केलेलं क्रिम्पिंग, म्हणजे वायरच्या टोकावर धातूचं टर्मिनल दाबून बसवणं, बरं. त्यात तारा आणि टर्मिनल इतके घट्ट दाबले जातात की मध्ये हवाही शिरत नाही, मग गंज चढणार कसा? टर्मिनलची मागची पाकळी आवरणावर आवळायची असते, म्हणजे वायर ओढली गेली तरी ताण तांब्यावर येत नाही. साध्या पक्कडीने चेपलेलं टर्मिनल हे काम करत नाही, मग ते कितीही घट्ट वाटो.

कनेक्टर लावल्यावरही झीज चालूच राहते. हादऱ्यांनी त्याच्या पिना केसाहून कमी अंतर मागेपुढे सरकतात, कथिलाचा मुलामा घासला जातो, त्यावर ऑक्साइड साचतं आणि संपर्क खराब होतो. एअरबॅगसारख्या नाजूक सर्किटमध्ये म्हणूनच सोन्याचा मुलामा वापरतात. तिथे सोन्याच्या पिनेला कथिलाचा सॉकेट जोडला तर सोन्याचा फायदा जातो.

असा जोड शोधताना मल्टिमीटर ओहमवर ठेवला तर फसगत होते: एकाच तारेवर लटकलेली वायरही जवळपास शून्य ओहम दाखवते. दिवे लावून, करंट वाहत असताना जोडाच्या दोन्ही बाजूंमधला व्होल्टेज मोजावा. चांगल्या जोडावर तो ०.१ व्होल्टच्या आतच राहतो.